कुंपणावरचा फिल्टर

भाताच्या बांधीतल्या पाण्यावर तेलाचा तवंग पसरला होता, आणि तो श्रीहरी सोडून सगळ्यांना दिसला.

रोवणीचे दिवस होते. आशाबाईची नाल्याकडची मोठी बांधी चिखलणीला घेतली होती. मागे लोखंडी चाकं लावलेला ट्रॅक्टर गढूळ पाण्यात गोल गोल फिरत होता आणि स्टेअरिंगवर श्रीहरी ताठ बसला होता, मांडवात व्याही बसतो तसा. वरच्या बांधीत बाया पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, उपटून पेंढ्या बांधत होत्या. त्याची बायको कांता त्यांच्यातच होती. कंबर सरळ करायला म्हणून ती उभी राहिली, तर ट्रॅक्टरच्या मागे मागे निळा-जांभळा पट्टा चाललेला तिला दिसला.

"अवो! तेल! पाण्यावर तेल हाये!"

बाकीच्या बायाही ओरडल्या. लोखंडी चाकांच्या खडखडाटातून ते श्रीहरीच्या कानापर्यंत पोचायला वेळ लागला. त्यानं वळून पाण्याकडे पाहिलं. त्याला नुसतं पाणी दिसलं, रोजच्यासारखं धुरकट. समोर तेलाच्या दाबाचा काटा होता, तोही त्याला गेले कित्येक महिने दिसत नव्हता. तेवढ्यात इंजिनाच्या पोटातून ठोके यायला लागले. त्यानं इंजिन बंद करायला हात घातला, पण त्याच्या आधीच ट्रॅक्टर एक आचका देऊन बंद पडला.

मग पावसाची बारीक रिपरिप तेवढी ऐकू येत होती.

गोंडपिपरी तालुक्याच्या त्या टोकाला श्रीहरीचं नाव होतं. तो स्टेअरिंगवर असला की मालकानं घरी निवांत झोपावं, असं लोक म्हणत. आशाबाईचे यजमान गुणवंतराव गेले, त्यानंतर त्यांची शेती आशाबाईच्या तोंडावर आणि श्रीहरीच्या हातावर चालली. पोरगा प्रणित तेव्हा ऊर्जानगरला ठेकेदाराकडे कामाला होता. मागच्या उन्हाळ्यात तो नोकरी सोडून गावी आला. शेती करतो म्हणाला. आईला ते मुळीच पटलं नव्हतं. बरा मिळत असलेला पगार सोडून पोरगं चिखलात उतरलं, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे, आणि प्रणित तिथेच बसून ऐकत असे.

ट्रॅक्टर चिखलात उभा राहिला तसा प्रणित गोंडपिपरीच्या गोपाल मिस्त्रीला फोन करायला बांधाच्या धुऱ्यावरून पळाला. आशाबाई बायांना घेऊन वरच्या बांधीत गेल्या. श्रीहरी एकटा राहिला. त्यानं दुपट्टा हाताभोवती गुंडाळला, इंजिनाच्या बाजूला हात घालून तेलाचा फिल्टर धरला आणि फिरवून काढला. डबा गरम होता. त्याच्या तोंडाचं रबर एका बाजूला सरकून चेपलं होतं. आणि डब्याबरोबर अजून एक रबर सुटून त्याच्या तळहातावर पडलं. जुनं, कडक, चपटं झालेलं.

ते काय आहे हे कळायला त्याला डोळ्यांची गरज नव्हती.

फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचं रबर कधी कधी इंजिनालाच चिकटून राहतं. ते काढावं लागतं. नाही काढलं तर नवं रबर त्याच्यावर बसतं, हाताला घट्ट लागतं, चार-दोन दिवस काम देतं आणि मग दाबानं सरकतं. तेल बाहेर, इंजिन कोरडं. प्रणित गावी आला तेव्हा श्रीहरीनं त्याला पहिल्या धड्यात हेच सांगितलं होतं. "बोट फिरवून पाहाचं, बापू. गोल. मंगच नवा चढवाचा."

आणि त्यानं स्वतः बोट फिरवलं नव्हतं.

पहिल्या चिखलणीची सकाळ होती ती. आशाबाई हळद-कुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या, ट्रॉलीत बाया बसून गलका करत होत्या, नारळ फुटायचा होता. प्रणितनं चंद्रपूरहून आणलेला नवा फिल्टर हातात देत विचारलं, "साफ झालं का काका? मी पाहू का?" श्रीहरीला समोर काळ्यावर काळं दिसत होतं. बोट फिरवलं असतं तर क्षणात कळलं असतं. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून त्याला एक धास्ती बसली होती. लोकांसमोर तो वस्तू चाचपत नसे. चाचपणारा माणूस लगेच ओळखू येतो. म्हणून त्यानं नुसतं वाकून पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाला, "तू काय पाहतं? मले दिसते ना!"

आता त्यानं धुऱ्याकडे चाहूल घेतली. कुणी येत नव्हतं. जुनं रबर त्यानं पँटच्या खिशात टाकलं.

संध्याकाळी न्हाणीच्या दगडावर पाय घासताना कांतानं विचारलं, "पाण्यावरचं तेल तुमाले नाई दिसलं?"

"नाई."

"काटा?"

"काटा दिसत असता तं थांबवला नसता का मी?"

त्यानं खिशातून रबर काढून तिच्यासमोर ठेवलं. तिनं ते उचललं, पाण्यात धुतलं, उलटसुलट केलं. त्याचं सारं सांगून होईपर्यंत ती टाच घासत राहिली.

"मी तं होळीपासून म्हणून राह्यली, चंद्रपूरले चला, डोळे दाखवा," ती म्हणाली.

"ऑपरेशन केलं का गावभर होते. मंग मले स्टेअरिंग कोण देते? म्हाताऱ्या बैलासारखा दावणीले बसू का?"

"आता काय देऊन राह्यले मंग?"

 कांतानं रबर परत त्याच्या हातात दिलं. "आता चूप राहा. तो फिल्टर बी नेहमीच्या दुकानातला नोता म्हणते प्रणित. मिस्त्री येऊन पाहीन तं पाहीन."

मिस्त्री लगेच आला नाही. रोवणीच्या दिवसांत गोपाल म्हणजे दुर्मीळ माणूस, प्रत्येक गावात एकेक ट्रॅक्टर त्याची वाट पाहत चिखलात उभा. तोवर आशाबाईच्या घरी नुसती ओढाताण चालली. दुसऱ्याचा ट्रॅक्टर मागावा तर ज्याचं त्याचं काम आधी. पऱ्हे जुने होऊ लागले, शेंडे पिवळे पडायला लागले. प्रणितनं घरचे बैल नांगराला जुंपले. त्याला बैलांची सवय नव्हती आणि बैलांना त्याची. संध्याकाळी त्याच्या हाताला फोड आलेले असत, पायाची बोटं चिखलानं कुजून पांढरी पडलेली असत, आणि तरी सकाळी तो सगळ्यांच्या आधी बांधीत उतरलेला असे.

श्रीहरी डोक्यावरून पऱ्ह्याच्या पेंढ्या वाहत होता. पेंढीतलं पाणी मानेवरून पाठीत उतरत असे. धुऱ्यावर त्याचा पाय दोनदा चुकला. शेजारच्या शेतातला दसरू टिंगलखोर, त्याला एवढंच पुरे.

"का श्रीहरीभाऊ, टॅक्टर मारून आता धुरा मारता का?"

बाया हसल्या. कांता हसली नाही. श्रीहरीनं पेंढ्या सावरल्या आणि पुढे गेला. आशाबाई त्याला काहीच बोलत नव्हत्या. चहा मात्र रोजच्यासारखा पाठवत होत्या, आणि तो चहा गिळणं त्याला जड जात होतं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

अखेर एका सकाळी गोपाल आला. ट्रॅक्टर बैलांनी ओढून घरापुढे आणला होता. त्यानं तेलाचा नट काढला, खाली जे थोडंसं उतरलं ते बोटांत चोळून पाहिलं. चकाकणारे बारीक कण होते त्यात.

"बेअरिंग गेले. इंजिन खोला लागते," तो म्हणाला. "तेल गेलं कुठून पण?"

"फिल्टरच्या बाजूनं," प्रणित म्हणाला. "सारी बाजू तेलानं भरली होती."

गोपालनं फिल्टर हातात घेतला. अंगठ्यानं दाबला तर पत्रा आत गेला. त्यानं प्रणितकडे पाहिलं. "हा कुठून आणला गा? जुना एखादा हाये का घरी?"

जुने होते. आशाबाईच्या घराच्या मागे वांगी-मिरचीची वाडी होती, तिला बांबूच्या खुंटांचं कुंपण. पावसाचं पाणी शिरून खुंट कुजू नयेत म्हणून गुणवंतराव प्रत्येक जुना फिल्टर धुऊन खुंटाच्या डोक्यावर उलटा घालत. ते गेले, पण त्यांच्या हातचे ते डबे टोप्या घातल्यासारखे कुंपणावर होतेच. आशाबाईंनी स्वतः जाऊन एक उपसून आणला. वरचा रंग उडाला होता, पण पत्रा कुठे फुटला नव्हता.

"काप दोनी," त्या म्हणाल्या. "मले पाहाचं हाये."

गोपालनं दगडावर आधी जुना धरला आणि आरी चालवली. आरी रडत रडत चालली. घाम आला त्याला. डबा उघडला तेव्हा आतलं सगळं जागच्या जागी होतं. कागदाच्या घड्या दाट, एकसारख्या, दोन्ही टोकांना पत्र्याच्या चकत्यांत पक्क्या बसवलेल्या. मधे भोकांची नळी. खाली जाड स्प्रिंग, दाबली की उसळणारी. आतला रबराचा पडदा एवढी वर्षं ऊन-पाऊस खाऊनही थोडा मऊ होता.

मग त्यानं नवा धरला. आरी पपईत शिरावी तशी शिरली. आतला कागद एका बाजूला गोळा झाला होता, दुसऱ्या बाजूला घड्यांमधून बोट जाईल एवढ्या फटी. डिंक सुटलेला. टोकांच्या चकत्या पुठ्ठ्याच्या, तेलानं भिजून लगदा झालेल्या. स्प्रिंगच्या जागी वाकवलेली पत्र्याची पट्टी. आणि तोंडाचं रबर पातळ, वेडंवाकडं.

जमलेले लोक वाकून वाकून पाहायला लागले. वरून पाहावं तर दोन्ही डबे एका आईचे वाटत होते. रंग तोच, अक्षरं तशीच.

आशाबाईंनी नव्याचा कागद उचलून धरला. "ह्या काय निऱ्या हायेत? अशा निऱ्या घालून बाई उंबऱ्याबाहीर निंगाली तं लुगडं हातात येईन."

कुणी हसलं नाही. आशाबाईंचा आवाज हसण्यासारखा नव्हता.

"आई, नेहमीचं दुकान बंद होतं," प्रणित म्हणाला. "दुसऱ्या दिवशी चिखलणी, बाया सांगून ठेवल्या होत्या. स्टँडजवळच्या दुकानात भेटला, तसाच दिसला…"

"तसाच दिसला! तुह्या बापानं तसाच दिसला म्हणून एक खिळा नाई आणला कधी." त्यांनी कागद खाली टाकला. "होत नाई तुह्याच्यानं. मी आधीच म्हणत होती. तुह्या मामाले फोन लावून देते, ऊर्जानगरले परत जा. रोवणी मी पाहीन. शेत मक्त्यानं देऊन टाकीन पुढच्या वर्षी."

प्रणित खाली बसला आणि कापलेल्या डब्यांचे तुकडे गोळा करायला लागला. फोड फुटलेल्या हातांना पत्रा लागत असणार, पण तो एकेक तुकडा उचलत राहिला.

गोपालनं हात पुसले. "रबरच बसलं नाई, बाजूनं तेल उडालं. श्रीहरीभाऊचा याच्यात काई दोष नाई, बाई."

हे ऐकायला श्रीहरी इतके दिवस कासावीस झाला होता. खोटं कशाला सांगायचं, त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. लोकांनी त्याच्याकडे वळून पाहिलं ते आदरानं, दसरूनंसुद्धा. कांता कुंपणापाशी उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले. एवढ्यावर सारं निभावलं असतं.

पण प्रणित खाली मान घालून म्हणाला, "काकांनी बराबर बसवला होता आई. मी बाजूलेच होतो. मी पाह्यलं. काकाले काई बोलू नको."

ते श्रीहरीला सहन झालं नाही. ज्या पोराला त्यानं मांडीवर बसवून स्टेअरिंग धरायला शिकवलं, ते पोरगं त्याच्या खोट्याला साक्ष देत होतं आणि त्याचीच शेती जात होती. श्रीहरीला स्वतःची किळस आली. त्यानं खिशात हात घातला आणि रबर काढून कापलेल्या डब्यांच्या बाजूला दगडावर ठेवलं.

"हे बी पाहा, गोपाल."

गोपालनं उचललं. नव्या फिल्टरच्या रबराशी लावून पाहिलं, मग इंजिनाच्या बाजूला जाऊन परत आला. त्याचा चेहरा बदलला. "जुनं रबर? आतच होतं?"

"आतच होतं. माह्याच्यानं राह्यलं." श्रीहरी प्रणितकडे वळला. "फिल्टर खराब हाये, पोट्ट्या. पण ह्या जुन्या रबरावर सोन्याचा फिल्टर चढवला असता तरी तेल गेलंच असतं. तुह्या बापानं आणलेला चढवला असता तरी."

"तुमाले दिसलं नाई?" आशाबाईंनी विचारलं.

"दिसत नाई मले, बाई. मोती उतरला. उजव्यानं तं काईच नाई, डाव्यानं धुकं दिसते."

"कधीपासून?"

"लय दिवसांपासून."

 इंजिनाबद्दल त्या काहीतरी बोलतील म्हणून श्रीहरी मान खाली घालून थांबला. त्यांना इंजिनाचं काही पडलं नव्हतं.

"ट्रॉलीत बाया बसवून अंधार पडता पडता नाला उतरवत होते तुमी," त्या म्हणाल्या. "लेकरावाल्या बाया बसत होत्या त्याच्यात, श्रीहरीभाऊ. मी बसत होती."

त्याला वाटलं होतं, खरं बोललं की निदान मन हलकं होईल. तसं झालं नाही. नाल्याचा तो उतार, खालचं पाणी, मागून येणारी बायांची गाणी, हे सगळं त्याला एकदम दिसलं, आणि आजवर फक्त अंदाजानं आपण तिथून गेलो हे पहिल्यांदाच नीट कळलं. 

आशाबाई कुंपणाकडे वळल्या. "कांता, तुले मालूम होतं?"

"होतं, बाई."

"तरी तू रोज बसत होती?"

"मीच नाई बसली असती तं बाकीच्या कशा बसल्या असत्या?"

ती सरळ बोलली, आणि बोलून झाल्यावर तिला स्वतःच्याच बोलण्याचा अर्थ कळला असावा. पदर तोंडावर घेऊन ती कुंपणाशी खाली बसली. ट्रॉलीत बसणाऱ्या दोघी-तिघी तिथेच उभ्या होत्या, त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्या निघून गेल्या.

"किल्ली," आशाबाई म्हणाल्या.

श्रीहरीनं कमरेच्या करदोऱ्याला बांधलेली किल्ली सोडायला घेतली. गाठ जुनी होती. समोर सगळे पाहत असताना त्यानं ती चाचपून चाचपून सोडवली, कारण आता लपवायचं काही उरलं नव्हतं. आशाबाईंनी किल्ली घेतली. दारापर्यंत गेल्या आणि तिथून म्हणाल्या, "प्रणित, बैल तहानले हायेत. त्यायले पाणी दाखव, मंग जू चढव." ऊर्जानगरचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

इंजिन खोलून, बसवून परत यायला रोवणी बरीच पुढे सरकली. श्रीहरीला दुसऱ्या कुणी स्टेअरिंगवर बोलावलं नाही, बोलावणार नव्हतंच. तो कांतासोबत रोवणीच्या ओळीत उतरला. ओळीत पुरुष म्हणजे बायांना फुकटची करमणूक. पहिल्या दिवशी कुणीच काही बोललं नाही, ते त्याला हसण्यापेक्षा जास्त लागलं. कांताशीही बाया तुटक बोलत. ट्रॉलीनं यायचं आता कुणी नाव काढत नसे, सगळ्या चालत येत.

शेवटची बांधी राहिली होती त्या सकाळी प्रणित ट्रॅक्टर घेऊन धुऱ्यावर आला. इंजिन बंद केलं, ते गार होईस्तोवर बाजूला खटपट केली आणि मग हाक मारली, "काका, जरासं या."

श्रीहरी चिखलातून पाय उपसत गेला. प्रणितच्या हातात नवा फिल्टर होता. नेहमीच्या दुकानातून आणलेला, पत्रा दाबून पाहिलेला. इंजिन नव्यानं बसवल्यावर भरलेलं पहिलं तेल काढून झालं होतं, जुना डबा उतरवून ठेवला होता.

"मी पुसून घेतलं. मले साफ दिसते," प्रणित म्हणाला. "तुमी एकडाव बोट फिरवा."

वरच्या धुऱ्यावर आशाबाई उभ्या होत्या. त्या पाहत होत्या. श्रीहरीनं चिखलाचा हात पाण्यात धुतला, बनियनला पुसला आणि इंजिनाच्या बाजूला आत घातला. बोट गोल फिरवलं. थांबून उलट्या बाजूनं पुन्हा फिरवलं. लोखंड गार आणि गुळगुळीत होतं.

"साफ हाये," तो म्हणाला. "रबराले तेल लाव. हातानंच आवळ, पान्यानं नोको."

प्रणितनं फिल्टर चढवला, नवं तेल ओतलं, वर जाऊन बसला आणि किल्ली फिरवली. श्रीहरी बाजूला झाला. लोखंडी चाकं पाण्यात उतरली. तो थोडा वेळ कान देऊन उभा होता. आवाज एकसारखा होता. मग तो धुरा चाचपत परत ओळीत आला आणि पेंढी सोडून वाकला.

कांता त्याच्या शेजारीच होती. त्यानं चार-सहा रोपं रोवली. रोपं ओळ सोडून तिरपी चालली होती, हे त्याला कळलं नाही. कांतानं एकदा वरच्या धुऱ्यावर आशाबाईंकडे पाहिलं, हात लांबवून त्याची रोपं उपटली आणि सरळ रेघेत पुन्हा रोवली.